एका कान्याचा फरक

पोट ‘पडले’ आणि पोट ‘पाडले’. लिहिताना फरक एका कान्याचा, पण अर्थात जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिले आपोआप घडते, दुसरे कोणीतरी घडवते. धाराशिव जिल्ह्याच्या (२०२३ पर्यंतचा उस्मानाबाद जिल्हा) लोहारा तालुक्यात तेरणा नदीकाठी माकणी नावाचे गाव आहे. निम्न तेरणा धरण याच गावाजवळचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्या भूकंपाने किल्लारी आणि सास्तूर ही नावे देशभर पोचवली, त्याच पट्ट्यातला हा परिसर. माकणीतल्या एखाद्या आजीला ‘गर्भपात’ या शब्दाचा अर्थ विचारला तर ती क्षणभर थांबेल, पण पडणे आणि पाडणे यांत तिची गल्लत कधी होणार नाही. हीच आजी रक्तस्राव होणाऱ्या सुनेला घेऊन दवाखान्यात गेली, की तिथल्या केसपेपरवर मात्र दोन्ही गोष्टींना एकच शब्द असतो : गर्भपात. तो काना तिथे गळून पडतो.

हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. लक्षात आलेल्या दर दहा गर्भारपणांपैकी एक ते दोन पहिल्या काही महिन्यांतच आपोआप संपतात. म्हणजे प्रत्येक शाळेच्या शिक्षकखोलीत आणि प्रत्येक वर्गातल्या मुलांच्या घरात या अनुभवातून गेलेली कोणी ना कोणी स्त्री असते. तिला दवाखान्यात काय विचारले जाते, तिच्यावर कोणते उपचार होतात, घरी परतल्यावर तिला काय ऐकावे लागते, या सगळ्याला एक इतिहास आहे. त्यात वैद्यक आहे, कायदा आहे, शस्त्रे आहेत, आणि आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो ते अर्धसूत्री विभाजनही आहे.

कीड लागलेले फळ

आपल्याकडे हा फरक पूर्वी ग्रंथांतही होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूढगर्भाचा अध्याय आहे. त्यात चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो ‘स्राव’ आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात, शरीर घट्ट झाल्यावर गेला तर ‘पात’ असे दोन वेगळे शब्द आहेत. म्हणजे लवकरच्या हानीसाठी ‘गर्भस्राव’ हा नेमका शब्द आपल्या पदरी होता. पुढे तो वैद्यांच्या पोथ्यांत राहिला आणि व्यवहारात ‘गर्भपात’ सगळ्यांनाच लागू झाला.

त्याच अध्यायात एक सुंदर दृष्टान्त आहे. पिकलेले फळ वेळ झाली की देठापासून आपसूक सुटते, तशी प्रसूती. पण कीड लागलेले, वाऱ्याने झोडपलेले किंवा मार बसलेले फळ अवेळी गळते, तसा हा प्रकार. कीड, वारा आणि मार, अशी तीन कारणे. सुश्रुताला गुणसूत्रे ठाऊक होती असे कोणी यावरून म्हणू नये. तो मोह आपल्याकडे फार लवकर होतो. पण फळ गळण्याचे कारण फळातच असू शकते, ही शक्यता त्या दृष्टान्तात आहे एवढे खरे.

दुर्दैव असे की दृष्टान्त विसरला गेला आणि त्याच्यासोबत दिलेली कारणांची यादी टिकली. प्रवास, वाहनात बसणे, अडखळणे, पडणे, धावणे, वेडेवाकडे झोपणे-बसणे, उपवास, तिखट-कडू खाणे, शोक करणे, झोके घेणे. या यादीत एक गोष्ट समान आहे. जवळजवळ प्रत्येक कारण म्हणजे त्या बाईने केलेले काहीतरी आहे. आजही मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात विचारा, यादी फारशी बदललेली नाही. घोड्याच्या जागी एसटी आली, आणि पपई, अननस व हंडा उचलणे यांची भर पडली, इतकेच.

धर्मशास्त्राने या घटनेची वेगळी दखल घेतली. मनुस्मृतीत गर्भस्राव झाल्यास जितके महिने झाले असतील तितक्या रात्रींचे अशौच सांगितले आहे. दोन महिने असतील तर दोन रात्री. भावना विटाळाची, पण हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे कायद्यानेही असाच एक हिशेब मांडला.

केसपेपरवरचा संशय

१८६० साली भारतीय दंड संहिता तयार झाली आणि १८६२ पासून ब्रिटिश मुलखात लागू झाली. तिच्या कलम ३१२ नुसार स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज इतर कारणाने गर्भ पाडणे हा गुन्हा ठरला. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्या कलमात आरोपी होते. माकणी त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिली. पण जे डॉक्टर आणि जी वैद्यकीय पुस्तके पुढे या भागात आली, ती याच कायद्याच्या छायेत घडलेली होती.

कायद्याचा परिणाम दवाखान्याच्या खाटेपर्यंत कसा पोचतो ते पाहू. दोन-तीन महिन्यांची गरोदर बाई रक्तस्राव होत दवाखान्यात येते. पोट आपोआप पडले की पाडले, हे नुसते तपासून बहुतेक वेळा सांगता येत नाही. पाडण्यासाठी कोणी काडी घातली असेल, काही विषारी पाला दिला असेल तर जंतुसंसर्गाने ती दगावू शकते. म्हणून डॉक्टरने विचारणे भागच असते. प्रश्न रास्त आहे. पण ज्या प्रश्नाचे एक उत्तर गुन्ह्याची कबुली ठरते, तो प्रश्न साधा राहत नाही. “काही घेतलं होतंस का? खरं सांग,” असे तो येतो. आणि खरोखर काहीही न घेतलेली बाईसुद्धा त्या सुरामुळे आरोपी होऊन बसते.

१९६४ साली केंद्र सरकारने या कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला, १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. असुरक्षित गर्भपाताने मरणाऱ्या असंख्य स्त्रिया त्यामुळे वाचल्या. मूळ कलम मात्र रद्द झाले नाही. कायद्याने त्याला अपवाद तेवढे जोडले. १ जुलै २०२४ पासून तेच कलम भारतीय न्याय संहितेत ८८ क्रमांकाने नांदते आहे.

आपोआप होणाऱ्या हानीची दखल कायद्याने घेतली ती मजुरांच्या निमित्ताने. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात अशा स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा देण्यात आली. ही मोठीच गोष्ट होती, आणि ती तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली. पण १९६१ च्या कायद्यातली व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भ बाहेर पडणे, असे सांगून तिथेच पुढे म्हटले आहे की दंड संहितेनुसार शिक्षापात्र असलेला प्रकार यात धरू नये. रजा देतानाही संशयाची एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. शिवाय पुरावा हवा, म्हणजे डॉक्टरचा दाखला हवा, म्हणजे पुन्हा तोच केसपेपर.

महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्याची गरज होती आणि आहे, याविषयी शंका नको. पण २०१२ नंतर कारवाया कडक झाल्या तेव्हा गर्भपाताच्या गोळ्या ठेवायला औषध दुकानदार कचरू लागले, आणि दोन मुली असलेल्या बाईचे पोट पडले की नजरा बदलू लागल्या. इथे विज्ञानाचा एक साधा मुद्दा विसरला जातो. आठव्या-नवव्या आठवड्यात सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी हे दिसतच नाही. तरीही तिच्याकडे बोट जाते.

पिशवी साफ करणे

आता शस्त्राकडे वळू. माकणी परिसरात ‘क्युरेटिंग केलं’ किंवा ‘पिशवी धुतली’ असे बायका सहज म्हणतात. यातले ‘क्युरेट’ म्हणजे लांब दांड्याची, टोकाला कडा असलेली चमच्यासारखी खरवडणी. पॅरिसचे डॉक्टर रेकामिए यांनी ती १८४० च्या दशकात गर्भाशयासाठी वापरात आणली. आत शिरायला गर्भाशयाचे तोंड उघडावे लागते. त्यासाठी जर्मनीतले हेगार यांनी १८७९ मध्ये क्रमाने जाड होत जाणाऱ्या धातूच्या कांड्यांचा संच दिला. तोंड उघडायचे आणि आतून खरवडायचे, ही पद्धत पुढे जवळजवळ शंभर वर्षे जगभर चालली.

ती का चालली हे नीट समजून घ्यायला हवे. प्रतिजैविके येण्यापूर्वी गर्भाशयात राहिलेला तुकडा कुजला तर रक्तात विष पसरे आणि बाई मरे. १९३० च्या दशकात सल्फा औषधे आली, १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले. तोपर्यंत ‘ताबडतोब साफ करा’ हा नियम प्राण वाचवणाराच होता. पण नियमाला जन्म देणारी परिस्थिती बदलली तरी नियम राहतो. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. तीक्ष्ण खरवडणीने गर्भाशयाच्या आतल्या अस्तरावर व्रण पडून भिंती चिकटू शकतात, हे जोसेफ अॅशरमन यांनी १९४८ मध्येच दाखवले होते. अशा बाईची पाळी बंद होते, पुढे मूल राहणे अवघड होते. १९५८ मध्ये चीनमधून पोकळी निर्माण करून ओढून घेण्याच्या पद्धतीचे वृत्त आले. १९७० च्या दशकात त्यासाठी हाताने चालवायची, वीज न लागणारी साधी पिचकारी मिळू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने तीक्ष्ण खरवडणी सोडून ही पद्धत किंवा गोळ्या वापराव्यात असे सांगून बराच काळ लोटला. तरी आपल्या लहानमोठ्या गावांत जुना चमचा निवृत्त व्हायला तयार नाही.

मुळात साफ करायलाच हवे का? २००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेरा आठवड्यांच्या आत गर्भ गेलेल्या १२०० स्त्रियांचे तीन गट केले होते. एका गटात नुसती वाट पाहिली, दुसऱ्यात औषधे दिली, तिसऱ्यात शस्त्रक्रिया केली. जंतुसंसर्गाचे प्रमाण तिन्ही गटांत सारखेच, शेकडा दोन-तीन निघाले. वाट पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींना पुढे दवाखान्यात यावे लागले आणि काहींना शस्त्रक्रियाही लागली, पण अनेकींचे शरीर स्वतःच मोकळे झाले. म्हणजे निवड करता येते, आणि ती बाईने करायची असते.

इथे एक सावधगिरी. इंग्लंडमधल्या शहरात वाट पाहणे आणि माकणीत वाट पाहणे एक नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातील ५७ स्त्रिया रक्तक्षयी आहेत. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला रात्री जोराचा स्राव सुरू झाला आणि गाडी वेळेवर मिळाली नाही, तर तिला नुसते ‘वाट पाहा’ सांगणे धोक्याचे ठरेल. तासाला दोनपेक्षा जास्त घड्या भिजू लागल्या, चक्कर आली, ताप आला, घाण वास येऊ लागला, किंवा पोटात एका बाजूला तीव्र कळ येऊन घाम फुटला, तर थांबायचे नाही. शेवटचे लक्षण गर्भ नळीत रुजल्याचे असू शकते. नळी फुटली तर बाई काही तासांत जाते. इंग्लंडमधील लॉसन टेट यांनी १८८३ मध्ये अशा रुग्णेवर शस्त्रक्रिया करून तिला वाचवेपर्यंत हे निदान म्हणजे जवळजवळ मृत्यूच होता.

ठोके नाहीत

१९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातल्या गोष्टी ध्वनिलहरींनी पाहता येतात हे दाखवले. जहाजांच्या पोलादातील चिरा शोधण्याचे यंत्र हा त्यांचा आरंभबिंदू होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच शहरात ह्यू रॉबिन्सन यांनी सातव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाचे ठोके टिपले. त्याआधी डॉक्टर बोटांनी आणि अंदाजाने ठरवत. त्यानंतर ‘आहे’ की ‘गेला’ हे पडद्यावर दिसू लागले.

यंत्र दाखवते, पण सांगते माणूसच. “ठोके नाहीत. उद्या सकाळी उपाशीपोटी या,” या दोन वाक्यांत अनेकींची भेट संपते. आणि यंत्राचीही घाई होऊ शकते. पाळीच्या तारखेत आठवड्याचा फरक असेल तर जिवंत गर्भही अजून न दिसणारा असू शकतो. २०११ पासूनच्या अभ्यासांनंतर निकष कडक झाले. गर्भाची लांबी सात मिलिमीटर झाली असून ठोके नसतील, किंवा पिशवीचा सरासरी व्यास पंचवीस मिलिमीटर असून आत गर्भ नसेल, तरच एका तपासणीत निष्कर्ष काढावा. एरवी सात ते चौदा दिवसांनी पुन्हा पाहावे. “आठवड्यानं पुन्हा बघू या का, डॉक्टर?” असे विचारणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवणे नव्हे.

माझ्या नात्यातल्या एका बाईंना नवव्या आठवड्यात या अनुभवातून जावे लागले. दवाखान्याचे नाव सांगण्याची गरज नाही. असे दवाखाने पुष्कळ आहेत. त्यांना बाळंतिणींच्या खोलीत खाट मिळाली. रात्रभर शेजारी बाळ रडत होते आणि भेटायला येणारी माणसे सवयीने यांनाही “काय झालं, मुलगा का मुलगी?” असे विचारत होती. घरी पाठवताना एकच सूचना मिळाली, “पुढच्या वेळी काळजी घ्या.” म्हणजे या वेळी घेतली नव्हती असा अर्थ त्यांनी काढला, आणि तो सहज निघण्यासारखाच होता. खरा घाव चार वर्षांनी बसला. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या देखत जुना कागद पाहून कोणीतरी विचारले, “आधी एकदा पाडलं होतं ना?” कागदावर ‘गर्भपात’ एवढेच लिहिलेले होते. डॉक्टरांच्या संक्षिप्त नोंदीतही किती वेळा दिवस गेले, किती बाळंतपणे झाली, यांसाठी जशी अक्षरे असतात तसे यासाठी ‘ए’ हे एकच अक्षर असते, आणि त्यात दोन्ही प्रकार येतात.

इंग्रजीतही हाच घोटाळा होता. तिथल्या डॉक्टरांची पुस्तके आपोआप झालेल्या प्रकारालाही ‘अॅबॉर्शन’ म्हणत. १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात बेअर्ड, मोब्रे आणि पिंकर या तिघांनी पत्र लिहून सुचवले की अशा स्त्रियांना हा शब्द दुखावतो, त्यांच्यासाठी ‘मिसकॅरेज’ वापरावा. पुढच्या वर्षांत ब्रिटनमधली वैद्यकीय भाषा खरोखर बदलली. त्यांना वेगळा शब्द रुजवावा लागला. आपला तर तयारच होता.

चुकलेली मोजणी

आता मुख्य प्रश्न. गर्भ जातो कशामुळे?

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे १९५६ पर्यंत नक्की माहीतच नव्हते. त्या वर्षी जो हिन जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ती नीट मोजली. १९५९ मध्ये डाऊन संलक्षणात २१ व्या क्रमांकाचे एक गुणसूत्र जादा असते हे कळले. मग १९६० च्या दशकात कॅनडातील डेव्हिड कार यांच्यासारख्या संशोधकांनी आपोआप पडलेल्या गर्भांच्या पेशी वाढवून त्यांची गुणसूत्रे मोजायला सुरुवात केली. १९७५ मध्ये पॅरिसच्या जोएल आणि आंद्रे बुए या दांपत्याने अशा १५०० गर्भांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या शंभरात सुमारे ६१ गर्भांची गुणसूत्रे बिघडलेली होती. नंतरच्या अभ्यासांतही पहिल्या तिमाहीतल्या हानीपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक हानीमागे हेच कारण आढळत आले आहे.

हे शिकवण्यासाठी वेगळा धडा लागत नाही. अर्धसूत्री विभाजनात जोडीतली गुणसूत्रे एकमेकांपासून दूर जातात, हे आपण फळ्यावर काढतोच. एखादी जोडी सुटलीच नाही तर एका पेशीत एक जादा आणि दुसरीत एक कमी. बस्स, एवढेच घडलेले असते. सोळाव्या क्रमांकाचे गुणसूत्र तीनदा येणे हा गळून पडलेल्या गर्भांत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारांपैकी एक आहे. पुस्तकात तो नसतो, कारण असे मूल जन्मालाच येत नाही. टर्नर संलक्षण पुस्तकात असते, पण एकच एक्स गुणसूत्र असलेल्या शंभर गर्भांपैकी जेमतेम एक जन्मापर्यंत पोचतो हे आपण मुलांना सांगत नाही. पुस्तकातली उदाहरणे म्हणजे तरून गेलेले मोजके प्रवासी आहेत.

या चुकीची वेळ पाहण्यासारखी आहे. स्त्रीच्या बीजपेशींचे अर्धसूत्री विभाजन ती स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होते, मध्येच थांबते आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी त्या त्या महिन्यात पुढे सरकते. इतका वेळ जोड्या धरून ठेवणारी बांधणी वयाबरोबर सैल होते, म्हणून चाळिशीत अशी हानी वाढते. उलट टर्नरच्या बहुतेक उदाहरणांत हरवलेले गुणसूत्र वडिलांकडून यायचे असते. दोष त्यांचाही नाही, पण हे कधी कोणाच्या कानावर जात नाही. दोन्ही बाबतींत मोजणी चुकते ती पाळी चुकण्याच्याही आधी. मग आठव्या आठवड्यात खाल्लेली पपई, उचललेला हंडा किंवा लोहाऱ्याहून एसटीने केलेला प्रवास तिला कारण कसा ठरेल? कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांचे गर्भाशय आकुंचन पावते असे प्रयोगांत दिसले आहे. पिकलेल्या पपईने तसे दिसलेले नाही.

उरलेल्या हानींची कारणे निरनिराळी : अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचा बिघाड, काही जंतुसंसर्ग, रक्त गोठण्याशी संबंधित प्रतिपिंडे, गर्भाशयाची रचना. पुन्हा पुन्हा असे होत असेल तर ही कारणे शोधायला हवीत, कारण यांतल्या काहींवर इलाज आहे.

तरी ‘टिकवण्यासाठी काहीतरी द्या’ हा आग्रह सर्वत्र असतो. त्यातून एक मोठा अनर्थ झालेला आहे. १९४० च्या दशकापासून अमेरिकेत ‘डीईएस’ हे कृत्रिम संप्रेरक लाखो गरोदर स्त्रियांना दिले गेले. १९५३ च्या एका चाचणीत त्याचा उपयोग होत नाही असे दिसले, तरी ते चालूच राहिले. १९७१ मध्ये त्या स्त्रियांच्या मुलींमध्ये योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग आढळला. आजकाल दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉनची गोष्ट इतकी वाईट नाही. ब्रिटनमध्ये चार हजारांवर स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्तस्राव होणाऱ्या सगळ्याजणी धरल्या तर निश्चित फायदा दिसला नाही. मात्र आधीही हानी झालेल्या स्त्रियांना काही उपयोग होतो असे दिसले. सक्तीने अंथरुणावर झोपवून ठेवल्याने गर्भ टिकतो, याला तर पुरावाच नाही.

न कळलेली आणि कळू लागलेली

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या अॅलन विलकॉक्स यांच्या गटाने मूल हवे असलेल्या २२१ स्त्रियांची लघवी रोजच्या रोज गोळा करून अतिसंवेदनशील चाचणीने तपासली. एकूण १९८ गर्भ रुजले. त्यातले ३१ टक्के पुढे गेले, आणि त्यांतले बहुतेक (एकूण गर्भांच्या २२ टक्के) तर बाईला दिवस गेल्याचे कळण्याआधीच गेले. ‘या महिन्यात पाळी चार दिवस उशिरा आली’ यामागे कधीकधी ही कहाणी असते. माकणीतल्या आजीच्या काळात तिचा कोणाला पत्ताच नव्हता. आता आशाताईंच्या पिशवीत ‘निश्चय’ नावाची चाचणीपट्टी असते, आणि पाचव्या आठवड्यात दोन रेघा दिसतात. पूर्वी ज्याला नाव नव्हते त्या हानीला आता तारीख आहे. ज्ञानाने दुःख वाढवले असे म्हणायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण रेघा दाखवणाऱ्या व्यवस्थेने त्या पुसल्या गेल्यावर काय बोलायचे याची तयारी केलेली नाही, एवढे दिसते.

बायकांशी बोलणारे कोणी असावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. पुरुष डॉक्टरकडे जायला संकोचणाऱ्या स्त्रियांसाठी आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच होता. १९७० मध्ये जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्याच, अनेकदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवायला सुरुवात केली. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि याआधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. धाराशिव जिल्ह्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’ने भूकंपाच्या काळापासून गावोगावच्या स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. अशा बाईला केसपेपर लागत नाही. पडले की पाडले, हे ती शेजारीण म्हणून जाणते.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांपर्यंत मात्र यातले थोडेच पोचते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाने खाडा केला की दोघांचा रोज जातो आणि उचलीतून दंड कापला जातो. पोट पडले तरी दुसऱ्या दिवशी मोळ्या उचलायच्याच. १९६१ च्या कायद्यातले सहा आठवडे फडावर कधी आलेच नाहीत. शेजारच्या बीड जिल्ह्यात नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ‘पिशवी साफ करा’पासून ‘पिशवी काढा’पर्यंतचा रस्ता तिथे फार आखूड आहे.

घरी परतताना मिळणाऱ्या कागदावर ‘गर्भपात’ या शब्दामागे ‘आपोआप’ किंवा ‘नैसर्गिक’ असे लिहून घेता येते. आरोग्य खात्याच्या मासिक अहवालात या दोन प्रकारांचे रकाने वेगळे आहेत. रुग्णेच्या हाती पडणाऱ्या कागदावर तो शब्द मागावा लागतो, आणि मागितला तर डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत.